करी आणि कोरड्यास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी ऑस्ट्रेलियाहून परभणीस आला असतां आम्हांस भेटावयास आला. कांहीं वर्षांपासून तो क्वीन्सलंड प्रांतांतील टूवूंबा ह्या शहरीं नोकरीनिमित्त राहतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या आणि बोलतां बोलतां त्यानें आपल्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांची हकीकत सांगितली. हे गृहस्थ इंग्रज. बर्मिंगहॅमच्या उत्तरेस स्टॅफर्डशायर परगण्यांत जन्मलेले व वाढलेले, आणि उतारवयांत मुलांच्या मागोमाग ऑस्ट्रेलियांत येऊन राहिलेले. त्यांस तेथें सर्व सुख आहे. दुःख एकच, कीं ह्या देशांत चांगलें हिंदुस्थानी जेवण मिळत नाहीं!

चांगलें म्हणजे कसें, असें विचारतां त्यांनीं जी यादी सांगितली ती अशी : बाल्टी, मद्रास, विंदालू, टिक्का मसाला. ऑस्ट्रेलियांतल्या भोजनगृहांत हींच नांवें मिळतात, पण चव घरची नव्हे, असें त्यांचें म्हणणें. घरची म्हणजे अर्थात् बर्मिंगहॅमची. विद्यार्थी हंसून आम्हांस म्हणाला, “सर, माझें सगळें लहानपण परभणींत गेलें, पण ह्यांतला एकहि पदार्थ आईनें कधीं केला नाहीं. मग हे गृहस्थ शोधतात तें जेवण कोणाचें?” प्रश्न विनोदानें विचारलेला होता व आम्हीहि तो विनोदानेंच घेतला. परंतु तो निघून गेल्यावर आमच्या मनांत आलें, कीं हा खरोखर इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा आमच्या जुन्या परभणी जिल्ह्यांतूनच गेलेला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘करी’ हा शब्द मूळचा तामिळ. भाताबरोबर खावयाचें कालवण असा त्याचा अर्थ. पोर्तुगीजांनीं तो पश्चिम किनाऱ्यावर ऐकला आणि गार्सिया द ओर्ता ह्या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत तो ‘कारिल’ ह्या रूपानें नोंदविला. पुढें इंग्रजांनीं तो उचलला. हॅना ग्लास नांवाच्या बाईनें १७४७ सालीं इंग्रजींत जें प्रसिद्ध पाकशास्त्र लिहिलें, त्यांत ‘करी’ करण्याची कृति दिली आहे. म्हणजे प्लासीची लढाई होण्यापूर्वीं दहा वर्षें करी इंग्रजांच्या पुस्तकांत जाऊन बसली होती. राज्य मागाहून आलें, तोंडाची चव आधीं गेली!

ह्या शब्दाविषयीं सर्वांत मार्मिक टीप लिहिली ती यूल व बर्नेल ह्या पंडितांनीं, १८८६ सालीं निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या त्यांच्या कोशांत. ते सांगतात, कीं पूर्वेकडील लोकांचें मुख्य अन्न म्हणजे धान्य. मग तें भाजलेल्या पोळीच्या रूपानें असो वा शिजविलेल्या भाताच्या. त्या अन्नास स्वतःची चव थोडी, म्हणून त्याच्या जोडीला थोडासा चवदार पदार्थ घेतात, आणि तीच करी. ही गोष्ट आम्हां मराठी माणसांस सांगण्यासाठीं कोशकार लागत नाहीं. सुशिक्षितांच्या भाषेंत ‘तोंडीलावणें’ हा शब्द आहेच. पण आमच्या मराठवाड्याच्या खेड्यांत आणि सोलापुराकडे त्याहून नेमका शब्द आहे : कोरड्यास. भाकरी हें जेवण; ती कोरडी उतरत नाहीं म्हणून तिच्याबरोबर जें लागतें तें कोरड्यास. मग तें पिठलें असो, डाळ घालून घोटलेली भाजी असो, येसराची आमटी असो, कीं नुसती तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी असो. “कोरड्यासाला काय केलं?” हा प्रश्न विचारणाऱ्यानें भाकरी गृहीत धरलेली असते. त्या शब्दाच्या घाटांतच धान्याचा मान सांभाळलेला आहे.

इंग्रजांनीं काय केलें, तर कोरड्यास उचललें आणि भाकरी मागें ठेवली. आमच्या मतें पुढील सर्व इतिहासाची गोम येथें आहे.

हें कोठें घडलें? मद्रासेस व कलकत्त्यास घडलें तसें तें आमच्या हिंगोलीसहि घडलें असलें पाहिजे. हिंगोली आज स्वतंत्र जिल्हा आहे. पण १ मे १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यांतच होती. निजामाच्या राज्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नांवाची फौज होती, तिची एक मोठी छावणी एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीस होती. १९०३ सालीं ती फौज मोडून इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यांत मिळवून टाकण्यांत आली आणि छावणी उठली. तरी गांवांत ‘रिसाला बाजार’ हें नांव अजून उरलें आहे आणि घोडदळाची आठवण देतें. अशा छावणींत अधिकाऱ्यांचे बंगले, बंगल्यामागें निराळें स्वैपाकघर, आणि त्यांत बाहेरून आणलेला खानसामा, हा थाट सर्व हिंदुस्थानांत एकच असे. खानसामा बहुधा मुसलमान, मद्रासी अथवा गोवेकर. साहेबाची बदली झाली कीं तोहि बरोबर निघे, आणि मद्रासची कृति नागपुरास, गोव्याची कृति जालन्यास येऊन पोहोंचे. तेव्हां साहेबाच्या मेजावर जी करी येई ती कोणत्याहि एका प्रांताची नव्हती. ती छावणीची होती. तिच्या खालीं भात असे, भाकरी नसे.

छावणीभोंवतीं मैलोगणती ज्वारीचें रान. त्या ज्वारीचा कडबा घोड्यांच्या पागेपर्यंत जाई, दाणा शिपायांच्या चुलीपर्यंत जाई, आणि तेथेंच थांबे. बंगल्याच्या भोजनगृहाचा उंबरठा तिनें ओलांडला नाहीं. ह्यांत कोणाचा द्वेष नव्हता. भाकरी थापावयास हात लागतो आणि ती खावयास भूक लागते. साहेबाजवळ दोहोंपैकीं पहिली गोष्ट नव्हती.

मद्रास लष्करांतील कर्नल केनी-हर्बर्ट ह्यांनीं ‘वायव्हर्न’ ह्या टोपणनांवानें १८७८ सालीं एक पाकशास्त्राचें पुस्तक काढलें. तें वाचीत असतां मोठी गंमत वाटते. त्यांची तक्रार अशी, कीं पूर्वीच्या पिढीच्या करीचें वैभव आतां गेलें आणि मोठ्या मेजवान्यांतून तिला जातिबहिष्कृत केलें आहे. म्हणजे ‘पूर्वीसारखें चांगलें मिळत नाहीं’ ही टूवूंबाच्या गृहस्थांची तक्रार हिंदुस्थानांत बसूनच दीडशें वर्षांपूर्वीं सुरू झालेली होती! वायव्हर्नसाहेबांनीं मसाल्याची भुकटी घरीं कशी करावी हें बारकाईनें सांगितलें आहे, आणि ही भुकटीच पुढें सर्वांत लांब गेली. खानसामा आगबोटींतून नेणें सर्वांस परवडत नसे. भुकटीचा डबा परवडे.

पेन्शन घेतलेले सर्व अधिकारी विलायतेसच गेले असें नाहीं. मुंबई लष्करांतील कर्नल अँड्र्यू क्रॉफर्ड ह्यांनीं १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानांतील इंग्रज नोकरवर्गास उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केलें आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर निवृत्त अधिकाऱ्यांनीं जमिनी घेऊन वसाहत करावी अशी योजना मांडली. त्या वसाहतीचें नांव ‘कॅस्ट्रा’. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं छावणी! रान दाट, वाटा वाईट, आणि अपेक्षेहून फार थोडे लोक गेले; पण जे गेले ते हिंदुस्थानची चव तोंडांत घेऊनच गेले. त्याच काळांत, १८६४ सालीं, टास्मानियांतील एडवर्ड अ‍ॅबट ह्यांचें पाकशास्त्र निघालें. ऑस्ट्रेलियन माणसानें लिहिलेलें पहिलें पाकपुस्तक म्हणून तें मानलें जातें, आणि त्यांतहि करी आहे. त्याच बेटावर जोसेफ कीन ह्या इंग्लंडांतून आलेल्या व्यापाऱ्यानें आपली करीची भुकटी काढली. पुढें १९०५ सालीं होबार्ट शहरावरच्या डोंगरउतारावर पांढऱ्या दगडांचीं प्रचंड अक्षरें मांडून ‘कीन्स करी’ अशी जाहिरात कोरण्यांत आली, ती अद्याप दिसते. १९२६ सालीं तेथील विद्यार्थ्यांनीं रातोरात दगड हलवून त्या अक्षरांचा अर्थ ‘नरकाचा शाप’ असा करून टाकला होता. विद्यार्थी सगळीकडे सारखेच, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

परंतु ह्याच डोंगराकडे दुसऱ्याहि दृष्टीनें पाहतां येतें. ती जाहिरात लागण्याच्या चारच वर्षें आधीं, १९०१ सालीं, ऑस्ट्रेलियाच्या नव्या संघराज्यानें परदेशीयांच्या प्रवेशाला आळा घालणारा कायदा केला. त्यांत रंगाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्यास कोणत्याहि युरोपीय भाषेंत श्रुतलेखन घालावें एवढीच अट होती, आणि ती भाषा निवडणारा अधिकारी गोरा असे. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालली आणि त्या धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३ मध्यें गेले. म्हणजे सुमारें सत्तर वर्षें त्या देशांत करीच्या डब्याला दार मोकळें होतें आणि करी खाणाऱ्या देशांतल्या माणसाला बंद होतें. एखाद्या देशाचें जेवण त्या देशाच्या माणसांवांचून सत्तर वर्षें शिजत राहिलें तर त्याचें काय होईल, हें सांगावयास नको. करी म्हणजे पिवळी भुकटी, सफरचंदाच्या फोडी व बेदाणे घातलेला मांसाचा रस्सा, अशी समजूत तेथें रुळली. कोलंबोंत जन्मलेल्या व १९५९ मध्यें ऑस्ट्रेलियांत गेलेल्या शार्मेन सॉलोमन ह्या बाईंनीं १९७६ सालीं आपलें आशियाई पाकशास्त्राचें मोठें पुस्तक काढलें, तेव्हां अनेक घरांत प्रथमच कळलें, कीं जिरें आणि धने निरनिराळे असतात.

इंग्लंडांत गोष्टी निराळ्या वळणानें गेल्या. पाटण्याच्या दीन महंमदानें १८१० मध्यें लंडनांत हिंदुस्थानी भोजनगृह उघडलें. तें दोन वर्षांत बुडालें. जें टिकलें तें १९२६ सालचें, ‘वीरस्वामी’ ह्या मद्रासी नांवाचें. तें काढणारे मात्र वीरस्वामी नव्हत, तर एडवर्ड पामर. हे जनरल विल्यम पामरचे वंशज, आणि हा जनरल अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. त्याचा दुसरा विल्यम नांवाचा मुलगा हैदराबादेस सावकारी करी, आणि निजामाच्या फौजेचे पगार भागविण्यासाठीं त्याच्या पेढीनें निजामाच्या दिवाणाला भरमसाट व्याजानें पैसे दिले होते. ते फेडण्यास महसूल लावून द्यावा लागला. महसूल म्हणजे अखेर कुणब्याची ज्वारी. एडवर्ड पामर आपले मसाले ‘निजाम’ ह्या छापानें विकीत असत. लंडनच्या त्या भोजनगृहाचा आणि आमच्या मराठवाड्याचा असा हा दूरचा ऋणानुबंध आहे. धान्य कोणाचें, व्याज कोणाचें आणि छाप कोणाचा, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

पुढें सिल्हेटचे खलाशी आले. आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा घालणारे हे बंगाली मुसलमान लंडनच्या गोदींत उतरून राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं व त्यांच्या भाऊबंदांनीं इंग्लंडभर खाणावळी काढल्या. गिऱ्हाईक इंग्रज; त्याला रोज नवी ओळख नको असते. म्हणून तिखटाच्या पायऱ्या ठरल्या : मऊ तो कोर्मा, तिखट तो मद्रास, जहाल तो विंदालू. मद्रासच्या माणसाला ‘मद्रास’ नांवाचा पदार्थ ठाऊक नाहीं. विंदालू हा मूळचा पोर्तुगीजांचा, मद्य आणि लसूण ह्यांत मुरविलेल्या मांसाचा प्रकार. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत त्याला ताडीच्या शिरक्यानें व सुक्या मिरच्यांनीं नवा जन्म मिळाला. इंग्लंडांत शेवटचें ‘आलू’ ऐकून कांहीं ठिकाणीं त्यांत बटाटे पडले! आणि बाल्टी ही तर १९७० नंतरची बर्मिंगहॅमची. तेथील पाकिस्तानी आचाऱ्यांनीं लहान कढईंत शिजवून त्याच कढईंत वाढलेली. आपण जिला बालदी म्हणतों त्या शब्दाचें आणि ‘बाल्टी’चें कूळ एकच, तें पोर्तुगीज ‘बाल्दे’. टिक्का मसाल्याविषयीं तर इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक ह्यांनीं २००१ मध्यें जाहीर भाषणांत सांगितलें, कीं हाच खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ होय. आम्हांस त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं.

म्हणून टूवूंबाच्या गृहस्थांस हंसण्याचें कारण नाहीं. शुक्रवारीं संध्याकाळीं कारखाना सुटल्यावर सोबत्यांबरोबर जें खाल्लें, ज्याच्या वासानें तारुण्य आठवतें, तें त्यांचें घरचेंच जेवण. त्यांचें दुःख खरें आहे. फक्त त्या दुःखाला त्यांनीं आमच्या देशाचें नांव दिलें आहे, आणि तेंहि त्यांच्या चुकीनें नव्हे. तीनशें वर्षांच्या इतिहासानें तें नांव त्यांच्या हातीं आयतें दिलें. ते ज्याचा शोध करतात त्याला निदान नांव आहे, पाटी आहे, भोजनगृह आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या शोधाला तें काहींच नाहीं.

त्याची गोष्ट अशी. टूवूंबा हें ज्या पठारावर वसलें आहे तें ‘डार्लिंग डाउन्स’ काळ्या जमिनीचें आहे, अगदीं गोदाकांठच्या आपल्या जमिनीसारखें. नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्याच जानेवारींत तो मोटारीनें गांवाबाहेर गेला, तों दोन्ही बाजूंस क्षितिजापर्यंत ज्वारी! ठेंगणी, तांबड्या कणसांची, पण ज्वारी. तो म्हणाला, “सर, मी गाडी थांबवून खालीं उतरलों आणि उगाच उभा राहिलों.” ऑस्ट्रेलियांत उन्हाळी पिकांत ज्वारीचें पीक मोठें आहे. तें बहुतेक जनावरांच्या चाऱ्यासाठीं, आणि अलीकडे चिनी लोकांच्या दारूसाठीं निर्यातीला. माणसानें तें खावें ही कल्पना त्या शेतकऱ्यास नवीन होती. त्यानें विचारलें, “जनावरें कोणतीं आहेत तुमच्याकडे?” आणि उत्तर ऐकल्यावर पैसे न घेतां एक पोतें भरून दिलें.

त्याचें पीठ करून त्यानें पहिली भाकरी केली ती तव्यावर तुटली. दुकानांतून विकत आणलेल्या हिंदुस्थानी पिठाचीहि तीच गत. महिनोन्महिने पुड्यांत पडून त्याची विरी गेलेली. गव्हासारखा चिकटपणा ज्वारींत नसतो. ताजें दळण, उकळतें पाणी आणि तळहाताची ओढ ह्यांवर ती उभी राहते. हें कोणत्या पाकशास्त्रांत वाचून येणार? शेवटीं त्यानें घरघंटी घेतली, आईकडून फोनवर धडे घेतले, आणि एके दिवशीं टरटरून फुगलेल्या भाकरीचें चित्र तिला पाठविलें. भाकरी तांबूस होती. तिकडून बराच वेळ कांहीं उत्तर नाहीं. मग ती म्हणाली, “अरे बाळा, ही तर मिलो दिसती.”

ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांस ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. त्या वर्षीं अमेरिकेंतून आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी स्वस्त धान्याच्या दुकानांतून वाटली गेली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेलीं माणसें तीच खाऊन जगलीं, आणि ही तिकडे जनावरांना घालतात हें ठाऊक असून जगलीं. विद्यार्थ्याची आई तेव्हां माहेरीं होती, लहान मुलगी. पिशवी घेऊन रांगेंत उभी राहिलेली. परदेशीं चांगल्या पगारावर असलेल्या मुलाच्या ताटांत तीच भाकरी पाहून तिच्या मनांत काय आलें असेल, तें आम्हीं विचारलें नाहीं. त्यानेंहि सांगितलें नाहीं.

त्याच वर्षीं, १८ मे १९७२ रोजीं, परभणीस कृषिविद्यापीठ स्थापन झालें. तेथील ज्वारी संशोधन केंद्रानें ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ असे वाण दिले, आणि २०१८ मध्यें ‘परभणी शक्ती’ हें लोह व जस्त अधिक असलेलें वाण आलें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्याचें म्हणून पाळलें, तेव्हां सभा झाल्या, आम्हीहि एका सभेंत बोललों. परंतु त्याच सभेहून परत येतांना स्टेशनरोडवर जेवावयास बसलों तर पुढें आलेल्या पत्रकांत पनीराचे सतरा प्रकार आणि भाकरीच्या जागीं ‘चौकशी करावी’ असें लिहिलेलें! खरिपाची ज्वारी सोयाबीननें व कापसानें हटविली; जी रब्बीची उरली ती महाग झाली, आणि शिधापत्रिकेच्या गव्हानें खेड्यांतल्या दुरडींत पोळी आली. पोळीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. दुष्काळांत वाढलेल्या पिढीला ती श्रीमंतीची खूण वाटली तर त्यांत नवल नाहीं. पण छावणीच्या मेजावर जें घडलें, कीं कोरड्यास राहिलें आणि भाकरी गेली, तेंच आपल्या घरीं घडूं लागलें असतां साहेबाच्या नांवानें किती दिवस हंसावयाचें?

२०२१ च्या ऑस्ट्रेलियन खानेसुमारींत परदेशीं जन्मलेल्यांत पहिला क्रमांक इंग्लंडचा लागला, सुमारें ९ लाख २७ हजार. आणि दुसरा हिंदुस्थानचा, सुमारें ६ लाख ७३ हजार. दोघे आतां शेजारी राहतात. आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या शेजाऱ्यांस एकदां घरीं जेवावयास बोलाविलें. पिठलें, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. गृहस्थांनीं भाकरीचा तुकडा मोडून हातांत फिरविला आणि म्हणाले, कीं आमच्याकडे स्टॅफर्डशायरांत आजी ओट धान्याच्या पिठाच्या अशाच पोळ्या तव्यावर करीत असे. त्या परगण्यांत अशी दंतकथा आहे, कीं हिंदुस्थानांतून परत आलेल्या शिपायांनीं चपातीच्या आठवणीनें त्या पोळ्या प्रथम केल्या. इतिहास म्हणून आम्ही ती मान्य करीत नाहीं. गरिबाच्या धान्याची पोळी करण्यास कोणाचें अनुकरण लागत नाहीं. पिठल्याकडे त्यांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. भाकरी मात्र दुसरी मागून घेतली.